मिरियड की प्लेथोरा?

'पुष्कळ' म्हणायला इंग्रजीत लिहिताना 'मेनी'चा कंटाळा आला की बहुतेकांचा हात या दोन शब्दांकडे जातो आणि दोन्ही एकच समजून वापरले जातात. मला ते खटकतं, कारण त्यांचा कल वेगळा आहे.

'मिरियड' ग्रीकमधून आला. तिथे तो चक्क एक संख्या होती: 10,000. इंग्रजीत तिचा नेमकेपणा गळून पडला आणि 'असंख्य' एवढंच उरलं. त्यात तक्रारीचा सूर नाही. तारे, रंगछटा, शक्यता यांच्यासाठी तो शोभतो. 'मिरियड स्टार्स' बरोबर की 'अ मिरियड ऑफ स्टार्स', यावर वाद घालणारे भेटतात. दोन्ही बरोबर आहेत. उलट नाम म्हणून झालेला वापर विशेषणापेक्षा जुना आहे.

'प्लेथोरा'ही मूळचा ग्रीकच, पण इंग्रजीत तो वैद्यकातून शिरला. शरीरात रक्त प्रमाणाबाहेर वाढणं, हा आजार म्हणजे प्लेथोरा. म्हणूनच त्यात 'गरजेपेक्षा जास्त' ही छटा आहे. नियमांचा, फॉर्मांचा, जाहिरातींचा प्लेथोरा अगदी चपखल बसतो. आज अनेकजण तो नुसत्या 'भरपूर'साठी वापरतात आणि शब्दकोशही तो अर्थ देतात. तरी कुणाचं कौतुक करताना 'प्लेथोरा ऑफ टॅलंट' लिहिणं मी टाळीन. जाणत्या वाचकाला त्यात अजीर्णाचा वास येऊ शकतो. याच्यापुढे 'ऑफ' मात्र हवाच. 'प्लेथोरा ऑप्शन्स' चालत नाही.

मोजता येत नाही म्हणून थक्क झालात, तर मिरियड. इतकं कशाला, असं वाटलं, तर प्लेथोरा.