भोकांची आडवी हिच-पट्टी: जुन्या ओढायच्या अवजारांना कुठे चालते, कुठे नाही

ट्रॅक्टरच्या खालच्या दोन लिफ्ट-हातांमध्ये बसणारी, ओळीने भोके पाडलेली जाड लोखंडी पट्टी. चाकांचा जुना डिस्क हॅरो, गवताचा रेक, ट्रेल नांगर अशी ओढायची अवजारे ज्यांच्याकडे आहेत, ते सहसा ही पट्टी सगळ्यात आधी घेतात. पट्टीत खोट नाही. खोट आहे ती विक्रीत, कारण बहुतेक ठिकाणी नुसती पट्टीच हातात ठेवतात आणि तिच्या दोन स्टे-रॉडचा, म्हणजे तिला वरून धरून ठेवणाऱ्या आधाराच्या दांड्यांचा, विषयही निघत नाही. स्टे-रॉड नसतील तर ही पट्टी विकत घेऊ नये.

कारण साधे आहे. बहुतेक ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक लिफ्टच्या हातांना फक्त वर उचलते, खाली दाबून धरत नाही. दोन चाकी अवजारात मागच्या बाजूला वजन जास्त झाले किंवा अवजार चरातून वर निघाले की त्याची दांडी वर उसळते आणि पट्टीही तिच्यासोबत उचलली जाते. ओढीची रेषा मागच्या धुऱ्याच्या वर गेली की इंजिनचा सगळा जोर ट्रॅक्टरला मागे उलथवायला लागतो. पुढची चाके सुटल्यावर क्लच दाबायला सेकंदभरही मिळत नाही. चुकून लिफ्टचा लिव्हर वर गेला, तरी परिणाम हाच.

स्टे-रॉड टॉप लिंकच्या (लिफ्टच्या वरच्या मधल्या दांड्याच्या) जागेपासून पट्टीपर्यंत येतात आणि तिची उंची पक्की करतात. भोकाची उंची जमिनीपासून 330 ते 430 मिमी ठेवा आणि अवजाराची दांडी सपाट बसते का ते पाहा. एकदा रॉड आवळले की लिफ्टच्या लिव्हरला हात लावायचा नाही. लिव्हर ओढला तर हायड्रॉलिकचा जोर रॉडवर येतो आणि रॉड वाकतो, नाहीतर टॉप लिंकचा कंस तडकतो. लिव्हर खालच्या टोकाला बांधून ठेवलेला बरा. लिफ्ट-हातांना बाजूला झुलू न देणाऱ्या चेक चेनही (साखळ्या) आवळून घ्या. त्या सैल राहिल्या तर पट्टी डावी-उजवीकडे झुलते आणि वळणावर अवजार ट्रॅक्टरलाच ढकलू लागते.

मापाची गल्लत नेहमीची. लिफ्ट-हातांच्या जोडाची मापे कॅटेगरीने ठरतात: कॅटेगरी 1 च्या पट्टीची टोके 22 मिमीची, कॅटेगरी 2 ची 28 मिमीची. लहान पट्टी मोठ्या हातात बसवायची तर बुश लागतो. बुश न घालता नुसत्या लिंच पिनच्या (टोक निसटू न देणाऱ्या कडीच्या खिळीच्या) भरवशावर चालवले की टोक आत खडखडत राहते आणि जोडावरचे वेल्डिंग सुटते.

आता पिन. जुन्या अवजाराच्या दांडीला बहुधा दोन कानांचा क्लेव्हिस असतो, म्हणजे पट्टी मध्ये आणि कान वर-खाली. ही जोडी उत्तम, कारण पिनला दोन्हीकडून आधार मिळतो. दांडीचे टोक सपाट असेल तर मात्र पट्टीवर सपाट अशी सपाटावर सपाट जोडणी होते, पिनला एकाच बाजूचा आधार उरतो आणि ती तिरकी होऊन वाकते. अशा वेळी पट्टीवर वरचा कान बसवून घ्या. उलट, ट्रॅक्टरच्या मूळ ड्रॉबारलाच (ओढायच्या दांड्याला) दोन कान असतील आणि अवजारालाही दोन, तर मध्ये पोकळी राहते. तिथे वॉशरांचा ढीग लावणे म्हणजे पिन वाकायला निमंत्रण. एका बाजूचा क्लेव्हिस काढून सपाट डोळा लावणे हाच इलाज.

पिनऐवजी बोल्ट अजिबात नको. आटे नेमके जिथे कातर-जोर येतो तिथे पडतात आणि बोल्ट आट्याच्या खाचेतून तुटतो. डोक्याची कडक पिन वरून खाली घालावी आणि खाली क्लिप लावावी. जुन्या दांडीचे भोक झिजून अंड्यासारखे लांबट झालेले असते. सुरुवात करताना प्रत्येक वेळी ठोका बसत असेल, तर तो याच मोकळ्या जागेमुळे. भोक गोल करून त्यात बुश बसवून घ्या, जाड पिन ठोकून घालू नका.

जोडताना दांडी जॅकवर किंवा ठोकळ्यावर भोकाच्या उंचीला आणा, ट्रॅक्टर मागे घ्या, न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा. मगच मध्ये जा. दोन भोके केसभर चुकली असतील तर टोकदार पहार घालून जुळवा, बोट घालून नको. दांडी हलकीच सरकते आणि बोट भोकांच्या कडांमध्ये कात्रीत सापडल्यासारखे सापडते. सार्वजनिक रस्त्यावर जायचे असेल तर अवजाराच्या एकूण वजनाला पेलेल अशी सुरक्षा साखळी वेगळी लावा.

कशाला जोडावी? रेक, हलका हॅरो, लहान सीड ड्रिल यांना ही पट्टी पुरते. ट्रेल नांगराला तिची शिफारस करता येत नाही. तिथे ट्रॅक्टरच्या पोटाखालून येणारा, झुलणारा मूळ ड्रॉबारच हवा, कारण नांगराची ओढ खालच्या मध्यबिंदूतून जायला हवी आणि वळणावर ड्रॉबार मोकळा सरकायला हवा. पट्टीवरची बाजूची भोके नांगर सरकवायला मोहात पाडतात, पण मध्यापासून दूर ओढले की एका हातावर जास्त ताण येतो आणि ट्रॅक्टर सतत एका बाजूला खेचला जातो. खोली नांगराच्याच उभ्या क्लेव्हिसवर ठरवा: तिथे जोड वर घेतला की नांगराचा पुढचा भाग खाली दबतो, खाली घेतला की उचलतो. नांगराचा खटका सोडणारा दोर आसनाजवळ असा बांधा की वळताना तो चाकात जाणार नाही.

पीटीओवर, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, चालणारा जुना बेलर किंवा मोवर असेल तर पट्टी सरळ बाजूला ठेवा. मिनिटाला 540 फेऱ्यांच्या पीटीओसाठी शाफ्टच्या टोकापासून पिनच्या मध्यापर्यंत 356 मिमी अंतर हवे, आणि पट्टी लिफ्ट-हातांच्या टोकाला असल्याने त्याच्या कितीतरी मागे पडते. मग पिन अवजाराकडे जाणाऱ्या शाफ्टच्या दोन सांध्यांच्या मधोमध येत नाही, वळणावर दोन्ही सांध्यांचे कोन असमान होतात आणि सांध्यातले क्रॉस झिजतात. शाफ्टही तुटायला येतो. इथेही ड्रॉबारच वापरायचा, मात्र मध्यभागी पिन लावून अडकवलेला.

लोखंडी चाकांची अवजारे जनावरांच्या चालीसाठी घडवलेली. त्यांचे साधे बुश पळवायला नाहीत, तेव्हा चालण्याच्या वेगाच्या फार वर जाऊ नका. पट्टी मात्र हंगाम सुरू होण्याआधी एकदा उतरवून पुसा. भोकांच्या कडा लांबट झाल्यात का, टोकांच्या वेल्डिंगजवळ गंजाची बारीक तांबूस रेघ आहे का, ते उजेडात पाहा. रेघ दिसली म्हणजे तडा आत गेलेला आहे. पट्टी बदला, वरून वेल्डिंगचा थर देऊ नका.