आईवडिलांचं शिक्षण विचारावं, की भावंडं ताडून पाहावीत?

घरच्या परिस्थितीचा मुलांच्या शिक्षणावर किती भार पडतो, हे मोजायच्या दोन पद्धती. पहिली सोपी: आईवडील किती शिकले, मूल किती शिकलं, दोन्हींचा सहसंबंध, म्हणजे दोन्ही किती जोडीनं वाढतात-घटतात याचा आकडा, काढा. पाहणीत एखाद-दुसरा प्रश्न वाढतो, बस्स. पण बीड जिल्ह्यातल्या धारूरकडचं एखादं घर घ्या. वडील सातवी पास, दोन एकर कोरडवाहू, दिवाळीच्या सुमारास मुकादमाची आगाऊ उचल घेऊन नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे जोडी, ऊसतोडीला साखरपट्ट्यात. ती उचल, बुडालेली शाळा ‘सातवी पास’मध्ये कुठं दिसायची?

दुसरी पद्धत सख्ख्या भावंडांची शिक्षणाची वर्षं ताडते. ती जितकी सारखी, तितका घराचा आणि गावाचा वाटा मोठा. न विचारलेलंही त्यात आपोआप येतं, म्हणून हा वाटा सहसा जास्त निघतो. मात्र दोन्ही आकडे थेट शेजारी ठेवू नयेत; भावंडांचा आकडा मुळातच वाटा सांगतो, पहिल्याचा मात्र आधी वर्ग करावा लागतो. सहसंबंध ०.४ असेल, तर मुलामुलांतल्या फरकाचा १६ टक्केच भाग आईवडिलांच्या शिक्षणानं उलगडतो.

माझा कल दुसरीकडे, पण मराठवाड्यात तिलाही मेख आहे. थोरली धाकट्याला सांभाळायला उसाच्या फडावर जाते, आठवीत शाळा सुटते, लग्न उरकतं. धाकटा अंबाजोगाईला वसतिगृहात राहून पदवी घेतो. गणित म्हणतं, भावंडं वेगळी निघाली, म्हणजे घराचा परिणाम कमी. अहो, तो फरक घरच्या ओढाताणीनंच पाडला! त्यात पाहणीवाले चुलीगणिक माणसं लिहितात, सासरी गेलेली थोरली यादीतच नसते. तेव्हा लग्न झालेल्या लेकींचं शिक्षण आईला वेगळं विचारावं आणि बहिणी-बहिणींचा, भावा-भावांचा आकडा निराळा काढावा.