मेंढी गाभण आहे का: रक्त तपासावं की सोनोग्राफी करावी?

मेंढीचा माज दर सतरा दिवसांनी येतो. मेंढा लागल्यावर ती उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही, की बहुतेक कळपांत ती गाभण धरतात. पण माज अशक्तपणानेही थांबतो, हंगाम सरल्यावरही थांबतो. मग रिकाम्या मेंढीला पाच महिने खुराक जातो.

पहिली खूण गर्भच देतो. दोन आठवड्यांचा भ्रूण दोऱ्यासारखा लांबतो आणि इंटरफेरॉन टाऊ हे प्रथिन सोडतो. त्याने अंडाशयातलं पीतपिंड टिकतं आणि त्यातून येणारं, गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक चालू राहतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत आयएसजी-१५ सारखी जनुकंही त्यामुळे जागी होतात. ती मोजायला पीसीआर ही प्रयोगशाळेतली जनुक-चाचणी लागते, शिवाय विषाणूच्या संसर्गातही ती वाढतात. संशोधकाने हाच मार्ग घ्यावा, मेंढपाळाने नाही.

सतरा-अठराव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन कमी आलं, तर मेंढी रिकामी हे जवळपास पक्कं. जास्त आलं, तर मात्र गाभण असं छातीठोक म्हणता येत नाही.

खरी निवड रक्तातल्या पॅगची तपासणी की सोनोग्राफी, एवढीच. पॅग ही वारेतल्या दोन केंद्रकांच्या पेशींची प्रथिनं. महिन्याभरानंतर रक्तात ती भरवशाने सापडतात. पण गर्भ मेला तरी काही दिवस रेंगाळतात, व्यायल्यावरही काही आठवडे राहतात. जुळ्यांत सरासरी जास्त असतात खरी, पण एकेका मेंढीची कोकरं त्यावरून मोजता येत नाहीत.

सोनोग्राफीत ती मोजता येतात. ४५ ते ९० दिवसांत, रात्रभर उपाशी ठेवलेल्या मेंढीच्या जांघेतल्या बिनलोकरीच्या कातडीवर जेल लावून प्रोब टेकवतात. काळ्या पाण्यात वारेचे गेंद कड्यांसारखे दिसतात, हृदयाची फडफड दिसते. गर्भ जिवंत आहे हे डोळ्यांनी कळतं, तेही जागच्या जागी. रोज मुक्काम हलवणाऱ्या कळपाला याचं मोल फार. प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत मेंढ्यांचा वाडा पुढच्या गावी गेलेला असतो.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेच्या नारी सुवर्णा मेंढ्यांत बंगालच्या गारोळ मेंढीचं फेक-बी जनुक आहे, त्यामुळे जुळी वरचेवर होतात. अशा कळपाला मी सोनोग्राफीच सुचवेन. शेवटच्या सहा आठवड्यांत जुळी वाढवणाऱ्या मेंढीला खुराक कमी पडला, तर आई आणि कोकरं दोन्ही हातची जातात.

सगळ्या मेंढ्यांना एकाच तारखेला कृत्रिम रेतन केलं असेल आणि प्रयोगशाळा जवळ असेल, तर पॅग घ्या; सगळ्यांचा महिना एकदमच भरतो. रिकाम्या निघालेल्या मेंढ्यांना त्याच हंगामात पुन्हा मेंढा दाखवता येतो.