एक दिवसाचा वर्ग की रोजची दहा मिनिटं?

जुळे सोलापुरात चार मजल्यांचं काम, गडी-बाया धरून तीसेक माणसं. सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायचं तर बाहेरचा माणूस बोलावून एक दिवस वर्ग घ्यावा, की रोज सकाळी साइटवरच दहा मिनिटं बोलावं? ओळखीचा एक ठेकेदार विचारत होता. मी दोन्ही करून बसलोय.

वर्गाने कागद होतो. हजेरीपत्रक, फोटो, प्रमाणपत्र. मोठ्या कंपनीचं काम धरायचं तर ते मागतातच. आणि हार्नेस (उंचीवर काम करताना पडू नये म्हणून अंगावर घालायचे पट्टे) शिकवायला वर्गच बरा. नुसता कमरेचा पट्टा असेल तर पडताना सगळा हिसका कमरेला बसतो, पूर्ण हार्नेसमध्ये तो मांड्या, छाती, खांद्यांवर वाटला जातो, हे अंगावर घालून दाखवलं की पटतं.

पण आमच्या वर्गाच्या दुसऱ्याच दिवशी सेंट्रिंगचा (स्लॅबचा साचा बांधणारा) एक पोरगा हार्नेस घालून चढला आणि त्याच्या दोराचा हुक अडकवला ज्या बल्लीवर उभा होता तिलाच. परांची गेली असती तर हुकासकट गेला असता. हुक डोक्याच्या वर, पक्क्या जागी लावायचा, हे वर्गात सांगितलं होतं. हिंदीत. पोरगा कर्नाटकातल्या इंडीकडचा. मुकादमाने खालून कन्नडमध्ये एक हाळी दिली, तेव्हा कुठे हुक वर गेला.

सोलापुरात एकाच गँगमध्ये मराठी, कन्नड, तेलुगू चालतं. त्यामुळे शिकवणारा किती शिकलेला, यापेक्षा तो कोणत्या भाषेत बोलतो ते आधी विचारा.

खर्चाचं म्हणाल, तर वर्गाला फीशिवाय तीस माणसांची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, द्यावी लागते. कापलीत तर कोण बसेल? रोजची दहा मिनिटंही फुकट नाहीत. महिन्याचे 26 दिवस धरले तर 260 मिनिटं, म्हणजे माणशी अर्ध्या हजेरीच्या वरच. पण नाक्यावरचा बिगारी पंधरा दिवसांनी बदलला तरी नव्याच्या कानावर काहीतरी पडतं, आणि विषय त्या दिवशीच्या कामाचा असतो: पावसानंतर काळ्या मातीतला खड्डा दीड मीटरच्या खाली गेला की कडांना आधार, उपसलेली माती काठापासून लांब, एप्रिल-मेच्या उन्हात दुपारची सुट्टी आणि पाणी.

या दहा मिनिटांचीही एक खोड आहे. आठवड्याभरात ती 'हेल्मेट घाला रे' एवढ्यावर येतात, आणि स्लॅबच्या दिवशी, जेव्हा धोका जास्त, तेव्हाच गाळली जातात.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी करून घ्याच (वय 18 ते 60, मागच्या वर्षभरात 90 दिवस काम). पण मंडळाची हेल्मेट वगैरेची पेटी मिळाली म्हणजे प्रशिक्षण झालं असं धरू नका. हनुवटीचा पट्टा न लावलेलं हेल्मेट वाकल्याबरोबर घमेल्यात पडतं.

तीस माणसं आणि बदलती गँग असेल तर मी रोजची दहा मिनिटंच घेईन. वर्गाला परांची बांधणारे दोघे, लिफ्टवाला आणि वायरमन, एवढे चौघेच पाठवा. सोमवारी सुरुवात हुकापासून करा, बोलायला मुकादमाला उभं करा, आणि तुम्ही मागे थांबा.