190 चा वॉल, 640 चा वॉल आणि एक जाम बोल्ट : तेरा महिन्यांनंतर

गाडी 2002 ची, पेट्रोल, चार सिलिंडर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तिचा यात काही गुन्हा नाही. वीस-बावीस वर्षं बोअरिंगचं पाणी पाजलं तर कुठलंही इंजिन असंच वागेल. गोष्ट तिच्या थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन पुरेसं तापलं की उघडून त्यातलं पाणी निवायला रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेची. आमच्याकडे त्याला नुसतं 'वॉल' म्हणतात, मीही तेच म्हणणार.

मागच्या मे महिन्यात भाचीच्या लग्नासाठी अमळनेरहून संभाजीनगरला निघालो. चाळीसगावपर्यंत तापमानाचा काटा मध्याच्या जरा खाली, शहाण्यासारखा. कन्नड घाटात पुढे लग्नसराईच्या गाड्यांची रांग, आम्ही पहिल्या गिअरमध्ये, आणि बघता बघता काटा 'एच'ला टेकला. हीटर फुल सोडला. हीटरचं पाणी वॉलमधून जात नाही, त्यामुळे वॉल अडकला तरी गरम पाण्याला तेवढी एक वाट राहते. दुपारचे दोन, मे महिना, मागे सासूबाई, आणि पायांवर हीटरची झळ. तो विषय त्या अजूनही काढतात.

बॉनेट उघडलं तर फॅन गरगर फिरतोय, इंजिन भाजतंय, आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा होज पाइप हाताला जेमतेम कोमट. म्हणजे फॅन बिचारा थंड रेडिएटरला वारा घालत बसला होता. वॉल बंदच अडकलाय हे तिथेच कळलं. मंडळी एसटीने लग्नाला गेली. मी इंजिन निवायची वाट पाहून कसाबसा उतार उतरलो आणि एका गॅरेजवर थांबलो. तिथला सल्ला सगळ्या खान्देशात मिळतो तोच : "सर, हाऊ वॉल काढी फेका. आपलाकडे कितलं ऊन शे, कसाले पाहिजे?" मी तयारही झालो होतो. फुकटचा उपाय मला नेहमीच पटतो. पण हौसिंगच्या, म्हणजे वॉलवरच्या झाकणाच्या, दोन बोल्टपैकी एक सुटला आणि दुसरा हलेना. तुटला तर डोकेदुखी आपल्या गळ्यात नको म्हणून त्याने पाना खाली ठेवला. टेम्पोवर लादून गाडी घरी आणली, 3,500 रुपये. इथून पुढचा सगळा हिशेब या 3,500 च्या रागातून केलेला आहे, हे लक्षात ठेवूनच वाचा.

बोल्ट 8 एमएमचा, 12 नंबरच्या गोटीचा (गोटी म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणारा गोल पाना). लोखंडी बोल्ट, ॲल्युमिनियमचं अंग, मध्ये ओल. अशी जोडी वर्षानुवर्षं एकमेकांना खात बसते आणि शेवटी एकजीव होते. मी घाई केली नाही. सकाळ-संध्याकाळ गंजाचा स्प्रे, डोक्यावर हातोडीचे हलके ठोके, आधी केसभर आवळायचा, मग सोडवायचा. चार दिवस ढिम्म. पाचव्या दिवशी गोटी एकदम मऊ फिरली. वाटलं, सुटला! सुटला नव्हता, पिळला होता. पुढच्या क्षणी 'कट्' झालं आणि डोकं गोटीत, धड इंजिनात.

सुदैवाने हौसिंग ठोकून काढल्यावर बोटाच्या पेरापेक्षाही कमी, पण धरता येईल एवढा तुकडा वर उरला होता. गल्लीच्या टोकाच्या वेल्डिंगवाल्या आबांना बोलावलं. त्यांनी तुकड्यावर एक नट बसवला आणि आतून वेल्डिंग भरून दोघांना एक करून टाकलं. मी लगेच पाना उचलला तर म्हणाले, "जोर नका लावा सर, त्याले जराखा निवू द्या." तापून फुगायचं आणि निवताना आखडायचं, या हेलपाट्यात गंजाची पकड सुटते. दोन मिनिटांनी तो बोल्ट असा फिरत वर आला की मला स्वतःचीच लाज वाटली. मजुरी 150 रुपये. पाच दिवस मी जे केलं त्याला खान्देशी भाषेत एक शब्द आहे, पण सासूबाई वाचतात.

आतला वॉल पाहण्यासारखा होता. स्प्रिंगवर, बुडाच्या पितळी कुपीवर, सगळीकडे पांढरट-तांबूस थर. इंजिनाला मुतखडाच झाला होता म्हणा ना! मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून प्रयोगशाळेतून 110 अंशांपर्यंतचा थर्मामीटर आणला. (घरातून आधी तापाचा मिळाला होता. तो 42 ला संपतो.) पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने टांगलेला वॉल. कुपीत मेण असतं. ते वितळताना फुगतं, दांडा ढकलतं आणि झडप उघडते. आमचा मात्र पाणी खळखळ उकळलं तरी ढिम्म.

दुकानात दोन पर्याय होते. कंपनीचा 640 रुपयांना, लोकल 190 ला. दोन्हींवर 82 हाच आकडा कोरलेला, म्हणजे 82 अंशांना उघडणारा. 3,500 डोळ्यांपुढे नाचत होते, 190 चा घेतला. पातेल्यात तो 83-84 ला उघडू लागला. बोल्ट नवे, ते पुन्हा जाम होऊ नयेत म्हणून कॉपर ग्रीस, भोकातले आटे साफ करायला 1.25 चा टॅप (आटे पाडायचं हत्यार), आणि बोअरिंगऐवजी डिस्टिल्ड पाणी निम्मं, कूलंट निम्मं. ऑगस्टमध्ये कोणी विचारलं असतं तर मी लोकलला पाचपैकी साडेचार दिले असते आणि 640 वाल्यांना हसलो असतो.

अर्धा स्टार कापला असता तो एका टाचणीएवढ्या गोष्टीसाठी. कंपनीच्या वॉलच्या कडेला एक बारीक भोक असतं आणि त्यात लोंबती, डुलणारी छोटी खीळ. इंजिन बंद असताना खीळ सैल लटकते, पाणी भरताना आतली हवा तिथून निघून जाते. इंजिन सुरू झालं की पंपाच्या दाबाने तीच खीळ भोक बुजवते. बसवताना ती वरच्या बाजूला यायला हवी, कारण हवा वर साचते. लोकल वॉलला ना भोक, ना खीळ. पाणी भरायला मला दोन तास लागले. होज दाबा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवा, पुन्हा भरा. तरी आठवडाभर हीटरमध्ये गुळण्या केल्यासारखा आवाज. मग मीच डोकं चालवलं, वॉल काढला आणि त्याला 3 एमएमचं भोक पाडलं. खिळीशिवाय. पाणी झटक्यात भरलं. मी खूश.

मत बदललं ते डिसेंबरात. आपल्याकडे ऊनच ऊन, हे म्हणणाऱ्याने पहाटे सहाला अमळनेरहून धुळ्याला जाऊन दाखवावं. थंडीत पारा दहाच्या खाली जातो. निम्मा रस्ता संपला तरी काटा 'सी' सोडेना, हीटरमधून कोमट फुंकर. पेट्रोलचा हिशेब मी वहीत ठेवतो. लिटरला 16 ची गाडी साडेतेरावर आली होती. इंजिन अजून थंडच आहे असं समजून गाडीतला कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो, चोक ओढून गाडी हाकल्यासारखं. गॅरेजवाल्याचं ऐकून वॉल फेकला असता तर वर्षभर हेच झालं असतं, फक्त उन्हाळ्यात कळलं नसतं.

जानेवारीत वॉल काढून पुन्हा पातेल्यात टाकला. गार पाण्यातही झडप मिलिमीटरभर उघडी! म्हणजे सगळं पाप माझ्या भोकाचं नव्हतं, स्प्रिंगही सहा-सात महिन्यांत थकली होती. गुपचूप 640 काढले. खीळ वर ठेवून वॉल बसवला. आणि खरा आनंद इथे झाला : कॉपर ग्रीस लावलेले दोन्ही बोल्ट हाताने सुटावेत तसे सुटले. जुना काढून नवा बसवायला पंचवीस मिनिटं. पाणी एका दमात भरलं, गुळण्या नाहीत. सरासरी फेब्रुवारीपर्यंत परत सोळावर.

या मे महिन्यात मुद्दाम त्याच घाटातून, भर दुपारी, एसी लावून गेलो. काटा जागचा हलला नाही. सासूबाई मागेच होत्या. अर्ध्या घाटात त्यांनी हीटरच्या बटणाकडे एकदा पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत.

640 वाल्याला पाचपैकी पाच. डुलत्या खिळीसाठी वेगळा स्टार देता आला असता तर तोही दिला असता. 190 वाला फेकलेला नाही. पैसे मोजलेत. वर्गात उष्णतेने होणारं प्रसरण शिकवताना तो दोऱ्याने चंचुपात्रात टांगतो. उघडतो अजून झकास. नीट मिटत नाही, पण तोवर तासाची घंटा होते.