दिवाळी ते चतुर्थी: गोव्यातल्या परसात आच्छादन वापरल्यानंतरचा अनुभव

गोव्यात बाराही महिने चालेल असे एकच आच्छादन, म्हणजे वाफ्यातली माती झाकणारा थर, नाही. नोव्हेंबर ते मे जो थर पाणी वाचवतो, तोच जूनच्या संततधारेत रोपाच्या बुंध्याशी कुजायला लागतो. म्हणून ‘सगळ्यात चांगले कोणते’ असे विचारण्यापेक्षा कुठल्या महिन्यात, कुठल्या पिकाला, असे विचारावे. पातेरा (झाडाखाली गळलेली सुकी पाने), भाताचा पेंढा, नारळाची सोडणे (वरची तंतूंची साले), कोकोपीट (सोडणांचा भुगा), लाकडाचा भुसा, तूस (भाताची टरफले) आणि चंदेरी-काळा मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद) हे सगळे जांभ्या मातीच्या वाफ्यांवर दिवाळीनंतरच्या वांगी-मिरचीपासून चतुर्थीच्या भेंड्यांपर्यंत वापरून झाल्यावरचे हे मत आहे.

कोरड्या हंगामात पहिला नंबर पातेऱ्याचा. आंबा, फणस, काजू यांची पाने जाड आणि चिवट असतात, सावकाश कुजतात, त्यामुळे थर टिकतो. पण अख्खी पाने टाकू नयेत. एकावर एक बसली की त्यांचे छप्पर तयार होते आणि पाणी वरूनच वाहून जाते. सागाच्या पानांचा हा त्रास सर्वांत जास्त. पाने गोणीत भरून पायाने तुडवावीत किंवा कोयत्याने दोन-तीन तुकडे करावेत. एक मीटर रुंद, तीन मीटर लांब वाफ्यावर साडेसात सेंटिमीटर थर द्यायचा तर २२५ लिटर माल लागतो. तांदळाच्या पन्नास किलोच्या रिकाम्या गोणीत साधारण ७० लिटर पातेरा बसतो, म्हणजे हिशेबाने तीन-चार गोण्या. प्रत्यक्षात पंधरवड्यात थर बसून निम्मा होतो, तेव्हा सहा-सात गोण्या हाताशी ठेवाव्यात आणि निम्म्या नंतर भर म्हणून घालाव्यात.

ऑस्ट्रेलियन बाभळीचा पाला रस्त्याकडेला भरपूर मिळतो, पण त्यात शेंगा असतात. झाडून न घेता टाकला तर पहिल्या पावसात वाफाभर बाभळीची रोपे उगवतात.

भाताचा पेंढा हाताळायला सर्वांत सोपा. चौरस मीटरला साधारण एक किलो पुरतो. रंग फिका असल्यामुळे ऊन परतवतो आणि एप्रिलमध्ये त्याच्याखालची माती हाताला गार लागते. राहिलेले दाणे उगवतात, पण ती रोपे दोन बोटांनी उपटून निघतात. परसातले गवत कापून टाकणार असाल तर ते फुलोऱ्याआधी कापलेले हवे. ऑक्टोबरनंतरचे गवत म्हणजे वाफ्यात पेरलेले तण.

सोडणांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण माडाखाली ती फुकट पडलेली असतात आणि बहुतेक जण ती उलटी टाकतात. आच्छादन म्हणून पसरताना सोडणाची फुगीर बाजू वर आणि खोलगट बाजू मातीकडे ठेवावी. मातीत पुरायची असतील तरच खोलगट बाजू वर, म्हणजे त्यात पाणी धरून राहते. वरच्या वर खोलगट बाजू आभाळाकडे ठेवली तर जूनमध्ये प्रत्येक सोडण पाण्याची वाटी होते आणि त्यात डेंगीचे डास वाढतात. ताज्या सोडणांतून तपकिरी, तुरट पाणी निघते, म्हणून ती कोवळ्या रोपांजवळ नकोत. पावसात धुऊन निघालेली वापरावीत. खाडीच्या खाऱ्या पाण्यात भिजवलेली तर भाजीच्या वाफ्याला अजिबात नकोत. केळी, लिंबू, पपई यांच्या आळ्यात सोडणांसारखे दुसरे काही नाही. भाजीच्या अरुंद ओळींत ती अवजड पडतात, तिथे कोयत्याने बोटभर तुकडे करून घालावीत.

कोकोपीट आच्छादन म्हणून वापरू नये, हे ठाम मत. ते स्वतःच्या वजनाच्या पाचपटीहून अधिक पाणी शोषते आणि नेमके तेच नडते. झारीने रोज थोडे पाणी घातले की सगळे पाणी वरच्या थरातच अडकते, वाफा ओला दिसतो आणि मुळाशी माती कोरडी राहते. मिरची दुपारी मान टाकते, आपण आणखी थोडे पाणी घालतो, तेही वरच राहते. कोकोपीट रोपवाटिकेच्या ट्रेमध्ये, दोन-तीनदा धुऊन वापरावे.

पाण्याची ही अडचण कुठल्याही जाड थरात थोडीफार येते. ओलावा तपासायचा तर आच्छादन बाजूला सारून बोट दोन पेरे मातीत घालावे, वरचा रंग पाहून ठरवू नये. ठिबकची नळी आच्छादनाखाली टाकावी. पाइपने पाणी देत असाल तर रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड सावकाश, भरपूर द्यावे. पहिला थरही माती पूर्ण भिजवूनच घालावा. कोरड्या मातीवर घातला तर ती कोरडीच राहते.

लाकडाच्या भुशाबद्दल दोन गोष्टी. एक, तो मातीत मिसळायचा नाही. भुशात कार्बन खूप आणि नत्र नगण्य असते, त्यामुळे तो कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र ओढून घेतात आणि भाजीची खालची पाने पिवळी पडतात. वरच्या वर पातळ ठेवला तर हा परिणाम मातीच्या पृष्ठभागापुरता राहतो. पिवळेपणा दिसलाच तर गोमूत्र दहापट पाणी घालून द्यावे किंवा गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) कोवळा पाला भुशाखाली पसरावा, तो लवकर कुजून नत्र देतो. दुसरी गोष्ट वासाची. ओल्या ढिगात हवा न मिळता राहिलेल्या भुशाला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो. तसा भुसा घातला तर रोपे एका दिवसात करपू शकतात. तो आठवडाभर उन्हात पातळ पसरून, वास गेल्यावरच वापरावा.

तूस हलके, वाऱ्याने उडते आणि पाण्यावर तरंगते. तांबडी भाजी किंवा मुळा पेरल्यावर ओळींमध्ये बोटाच्या जाडीएवढा थर द्यावा, बाकी कशाला नको.

चंदेरी-काळा पेपर २५ किंवा ३० मायक्रॉनचा घ्यावा. चंदेरी बाजू वर, कडा मातीत पुरलेल्या, खाली ठिबक. कलिंगड आणि मिरचीला तण जवळजवळ येत नाही, हे खरे. पण पीक संपल्यावर तो फाटून तुकड्या-तुकड्यांनी निघतो आणि जांभ्याच्या खड्यांत अडकलेले तुकडे वेचणे फार कठीण. दोन-चार वाफ्यांच्या परसात तो नको असे आमचे मत. मोठ्या मळ्याचा हिशेब वेगळा.

आता पाऊस. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. अशा वेळी वाफा उघडा ठेवला तर वरची माती वाहून जाते आणि थेंबांनी उडालेल्या चिखलातून रोग पानांवर चढतात. म्हणून आच्छादन काढायचे नाही, बदलायचे. मे अखेरीस जुना, अर्धवट कुजलेला थर दाताळ्याने ओढून खताच्या खड्ड्यात टाकावा. थरात हात घालू नये, कोरड्या पातेऱ्यात फुरसे हा विषारी साप लपलेला असू शकतो. वाफे २० ते २५ सेंटिमीटर उंच करावेत आणि वर झावळ्यांचे वीतभर तुकडे किंवा सोडणांचे तुकडे यांचा चार-पाच सेंटिमीटरचा विरळ थर द्यावा. भरड मालातून पाणी खाली जाते आणि हवा खेळती राहते. पेंढा पावसात चिकट गठ्ठा होतो, तो टाळावा.

बुंध्याभोवती भाजीला पाच सेंटिमीटर आणि फळझाडाला १५ सेंटिमीटर जागा मोकळी हवीच. भेंडी किंवा वांग्याच्या रोपाची मान जमिनीलगत तपासत राहावी. तिथे पांढऱ्या कापसासारखे तंतू आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर तो बुंधाकुजव्या बुरशीचा मुक्काम. ते रोप आजूबाजूच्या वीतभर मातीसकट उचलून न्यावे, खतात टाकू नये, कारण ते दाणे मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. भोवतालचे आच्छादनही हातभर मागे सारावे. मोठ्या आफ्रिकन गोगलगाई ओल्या थराखालीच दिवस काढतात. संध्याकाळी ओली गोणी वाफ्याच्या कडेला टाकून ठेवावी, सकाळी तिच्याखाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून वेचाव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात.

वाळवीची भीती बहुतेक वेळा अवास्तव असते. ती कोरडा पाला खाते, निरोगी रोपाकडे सहसा वळत नाही. तरी जांभ्या कातळाजवळच्या जागेत थराखाली चौरस मीटरला शंभर ग्रॅम निंबोळी पेंड टाकावी आणि घराच्या भिंतीला लागून आच्छादन करू नये.

पुढच्या हंगामाचा पातेरा फेब्रुवारी-मार्चमध्येच गोळा करावा. काजू वेचण्यासाठी जमीन साफ करताना तो ढिगांनी जाळला जातो. जाळण्याआधी मागून घेतला तर कोणी नाही म्हणत नाही. गोण्या दगडांवर फळी ठेवून, छपराखाली ठेवाव्यात. ओल लागलेला पातेरा दिवाळीपर्यंत अर्धा कुजतो आणि मग थराला जाडी येत नाही.