‘मून मिनरॉलॉजी मॅपर’ची माहिती: २ मायक्रॉन तरंगलांबीपर्यंत खणखणीत, पुढे जपून

चांद्रयान-१ वरचं नासाचं हे उपकरण २००९ मध्येच थांबलं, पण त्याची माहिती नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टिमवर आजही मोफत मिळते. अवरक्त वर्णपटावरून (कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश परततो त्यावरून) चंद्रावरची खनिजं ओळखायला शिकायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी.

लेव्हल-२ ची, म्हणजे दुरुस्त्या केलेली, परावर्तनाची फाइल घ्या आणि सोबत आधीच्या पायरीच्या लेव्हल-१बी मधल्या लोकेशन व ऑब्झर्वेशन या फाइली. त्या राहिल्या तर वर्णपट कुठल्या विवराचा आणि ऊन किती तिरपं होतं, हे कळायला मार्ग नाही. -९९९ म्हणजे रिकामा पिक्सेल. गणिताआधी तो वगळा. ग्लोबल मोडमध्ये (सगळ्या चंद्राच्या नकाशासाठीच्या पद्धतीत) तरंगलांबीचे ८५ पट्टे आहेत, पिक्सेल साधारण १४० मीटरचा. मे २००९ मध्ये यान १०० वरून २०० किलोमीटर उंचीवर नेलं. त्यापुढची दृश्यं तितकी बारीक नाहीत.

या माहितीचं खरं बळ १ मायक्रॉनपाशी आहे. खनिज ज्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतं तिथे वर्णपटाच्या आलेखात खड्डा पडतो. कमी कॅल्शियमचं पायरॉक्सिन हे खनिज ०.९ आणि १.९ मायक्रॉनच्या आसपास असा खड्डा दाखवतं. कॅल्शियम वाढलं की दोन्ही खड्डे लांब तरंगलांबीकडे सरकतात. ऑलिव्हिनचा १.०५ पाशी रुंद खड्डा, २ पाशी काहीच नाही. मॅग्नेशियमयुक्त स्पिनेलचं नेमकं उलट. ते चंद्रावर याच उपकरणाने प्रथम दाखवलं. स्फटिकरूप प्लॅजिओक्लेज १.२५ पाशी दिसतं, पण जरा पायरॉक्सिन मिसळलं की झाकलं जातं.

जुन्या मातीत मात्र फार शोधू नका. अंतराळाच्या माऱ्याने कणांवर लोहाचे अतिसूक्ष्म थेंब बसतात, वर्णपट लांब तरंगलांबीकडे चढत जातो आणि खड्डे बुजतात. ताजी विवरं, मध्यशिखरं, उभे उतार बघा. चित्रात उपकरणाच्या उभ्या रेघा दिसल्या तर त्याच स्तंभातल्या, खड्डे नसलेल्या मातीच्या वर्णपटाने भागा. त्या मातीत पायरॉक्सिन असेल तर भागाकारात खोटे उंचवटे येतात, म्हणून भाजक आधी तपासा.

सर्वात मोठी उणीव उष्णतेची. दुपारी तापलेली जमीन स्वतःच अवरक्त प्रकाश टाकते आणि लेव्हल-२ मधली दुरुस्ती तो पुरेसा वजा करत नाही. त्यामुळे २.८ ते ३ मायक्रॉनमधला हायड्रॉक्सिल-पाण्याचा खड्डा विषुववृत्ताकडे आहे त्याहून उथळ वाटतो. पाण्याचे नकाशे करायचे तर उष्णतेची दुरुस्ती स्वतः पुन्हा करा, किंवा चांद्रयान-२ च्या आयआयआरएस या अवरक्त वर्णपटमापकाकडे वळा. त्याचा वर्णपट ५ मायक्रॉनपर्यंत जात असल्याने जमिनीचं तापमान त्यातूनच काढता येतं.